साहेबांनी दोनदा विचारलं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तिच्यापासून मी आयुष्यात दोनच गोष्टी लपवल्या — एक माझी साखर, ती तिला डॉक्टरांकडून कळलीच, आणि दुसरी ही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर तुमच्याशीही मी खोटंच बोललो असतो. एवढी खात्री मला आता माझी झालेली आहे.

मी टेलर. शिरूरच्या पेठेत चाळीस वर्षं माझं दुकान आहे. शाळेचे गणवेश, सणसवाडीच्या कंपन्यांचे युनिफॉर्म, आणि आमच्या पोलीस ठाण्यातल्या साहेब लोकांच्या वर्द्या. साहेब बदलून आला की पहिल्या महिन्यात माझ्याकडं माप द्यायला येतो आणि दुसऱ्या वर्षी कंबर ढिली करायला. सगळा गाव मला चाचा म्हणतो. आमच्या चार पिढ्या इथंच घोड नदीच्या काठी पुरल्या गेल्या. मराठी शाळेत शिकलो, पाढे मराठीत म्हणतो, भांडतो मराठीत. हे मी मुद्दाम का सांगतोय? — कारण हे सांगायची सवय लागलेली आहे. कुणी विचारलेलं नसतं, तरी मी सांगतो. तिथूनच सगळं सुरू होतं.

आणखी एक सांगायला हवं. मी शांतता कमिटीवर आहे. गणपती जवळ आले, ईद जवळ आली, की ठाण्यात कमिटीची मीटिंग भरते. गावातले पुढारी, मंडळांचे कार्यकर्ते, आणि आमच्यातले दोघं-तिघं. साहेब बोलतात, आम्ही माना डोलावतो, चहा-बिस्कीट होतं, फोटो निघतो. त्या फोटोत मी वर्षानुवर्षं आहे, कायम पहिल्या रांगेत. बायको म्हणायची, तुम्हाला कमिटीवर घेतलंय ते फोटोत दाढी दिसावी म्हणून. मी चिडायचो. मनातून मला त्या खुर्चीचा फार अभिमान होता — होता काय, आहे. अजूनही मीटिंगचा निरोप आला की मी शर्टाला स्वतः इस्त्री करतो.

त्या वर्षी सगळीकडं एकच विषय चालला होता. टीव्हीवर तोच, मोबाईलवर तोच, न्हाव्याकडं केस कापायला बसलं तरी तोच. बाहेरच्या देशातून किती लोक आत शिरले, त्यांना ठेवायचं का हाकलायचं, खरा कोण आणि खोटा कोण हे ओळखायचं कसं. सणसवाडी, कोरेगाव भीमा, तिकडं कंपन्यांमुळं खोल्याच खोल्या, आणि एकेका खोलीत चार-पाच परगावची माणसं. कोण म्हणायचं, देश म्हणजे काय धर्मशाळा आहे का? आमचे एक रिटायर गुरुजी आहेत, ते माझ्या दुकानात बसून म्हणायचे, अहो चाचा, जीव वाचवायला पळून आलेल्या माणसाला निदान उभं तरी करायचं का नाही? आणि तपासणी करायची तर जरूर करा, पण कागद हातात नसलेला प्रत्येक जण चोर कसा?

मला दोघांचंही पटायचं. ज्याच्याशी बोलत असेन त्याचं पटायचं. माप घेताना गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नसतो, ही धंद्यातली सवय. माझ्यात ती फार खोल गेली होती.

मोनिरुल माझ्याकडं तीन वर्षं कामाला होता. बंगालमधल्या मुर्शिदाबादकडचा. दौंडला आधी कुठल्याशा ठेकेदाराकडं होता, तिथं माझ्या बहिणीचा नवरा आहे, त्याच्या ओळखीनं माझ्याकडं आला. सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल. घरी आई-वडील, बायको, एक लहान मुलगी. त्याच्यासारखी कॉलर बसवणारा कारागीर मी पाहिलेला नाही — आणि मी स्वतः बरी बसवतो. कमी बोलायचा. हिंदी बोलायचा, नंतर नंतर मराठीत ‘व्हय’ आणि ‘न्हाई’ म्हणायला लागला होता, आणि म्हटल्यावर स्वतःच हसायचा. मला तो आवडायचा. हे मी आधी सांगून ठेवतो, म्हणजे पुढं तुमचा गैरसमज व्हायला नको की मी कुणा परक्याशी असं वागलो.

त्याच्या खोलीतून एकदा एकाची बॅग चोरीला गेली. दुसऱ्याच दिवशी तो एक पिवळी प्लास्टिकची पिशवी घेऊन आला. आत जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, त्याचं मतदार कार्ड, आणि वडिलांच्या जमिनीचा एक जुना कागद, घडीवर फाटलेला. सगळे अस्सल. म्हणाला, चाचा, आपके पास रख लीजिए. आमच्या धंद्यात कारागीर मालकाकडं काय काय ठेवतात. कुणी बायकोची चेन, कुणी पासबुक. माझ्या कापडाच्या कपाटात वरच्या खणात अशा वस्तूंची जागाच आहे. मी त्याच्यासमोर पिशवी तिथं ठेवली. अस्तराच्या गठ्ठ्याखाली.

आता तुम्ही म्हणाल, मग अडचण काय होती?

अडचण अशी, की त्याच सुमारास एक बातमी फिरत होती. कुठल्याशा गावात एका दुकानदाराकडं दुसऱ्यांच्या कागदांचा गठ्ठा सापडला, तो एजंट निघाला, खोटे दाखले करून देत होता, वगैरे. खरी का खोटी कुणास ठाऊक. मी ती मोबाईलवर चार वेळा वाचली. प्रत्येक वेळी मान वर करून कपाटाकडं पाहिलं. पिशवी त्याला परत देऊन टाकायची एवढं साधं काम होतं. रोज ठरवायचो. रोज काही ना काही निघायचं.

मग एक मीटिंग झाली. कमिटीची नव्हे, गावातल्या लोकांनीच बोलावलेली. बाहेरच्या लोकांना खोल्या देणाऱ्यांची आणि कामावर ठेवणाऱ्यांची नोंद झाली पाहिजे, असा विषय. आमचे दिलीप आप्पा तिथं होते. आप्पा म्हणजे बागायतदार माणूस, सोसायटीचे माजी चेअरमन, कमिटीवर माझ्याच शेजारी बसणारे. चाळीस वर्षांची दोस्ती. त्यांच्या मुलाच्या लग्नाचा सूट मी शिवला आणि शिलाई घेतली नाही. तर मीटिंग चालू असताना आप्पा सगळ्यांदेखत हसत हसत म्हणाले, “काय चाचा, तुमचं पाव्हणं किती हायत वो दुकानात?”

सगळे हसले. मीही हसलो. चेष्टाच होती. आप्पांच्या मनात काही नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण तुमचं — तुमचं पाव्हणं — ते एकदा कानात गेलं ते गेलंच. चार पिढ्या झाल्या, आणि तरी आप्पांच्या एका हसण्यानं मी दारात उभा राहिल्यासारखा झालो. मग मी काय केलं? उठून उभा राहिलो आणि बोललो. म्हणालो, “जो बाहेरचा असंल त्याला खुशाल बाहेर काढा. आम्ही हितली माणसं कुणाच्या आड येणार न्हाई.” टाळ्या पडल्या. आप्पांनी पाठीवर थाप मारली. मला त्या टाळ्या आवडल्या. का खोटं बोलू?

चार दिवसांनी सकाळी दहाच्या सुमाराला ठाण्यातून फोन आला. साहेब स्वतः बोलत होते. “चाचा, तपासणीला काही लोक आणलेत. त्यातला एक तुमच्याकडं काम करतो म्हणतोय. जरा येऊन जाता का?”

मी गेलो. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

बाकावर आणि खाली फरशीवर मिळून दहा-बारा जण होते. एकेकाला बोलावून कागद बघत होते. मला तुम्हाला हे सांगायचंय की साहेब वाईट नव्हते. लोक ही गोष्ट ऐकतील तर म्हणतील पोलिसांनी केलं. माझ्यासमोर जे झालं त्यात कुणाला शिवी नाही, कुणाला हात लावलेला नाही. आधार कुणीही काढतं, मोबाईलमधला फोटो चालत नाही, अस्सल दाखवा — एवढंच सगळ्यांना सांगत होते. ज्यांनी दाखवले ते संध्याकाळपर्यंत सुटले. त्यातला एक दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानासमोरच्या टपरीवर चहा पीत होता. तपासणी सरळ चालली होती. फक्त एका माणसाच्या बाबतीत साक्षीदार खोटा निघाला.

मला बघितल्यावर मोनिरुलच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. अगदी डोळ्यांदेखत गेला. तो उठून उभा राहिला आणि साहेबांना म्हणाला, “आ गए, साहब. मेरे काग़ज़ चाचा के पास ही हैं.”

साहेबांनी मला खुर्ची दिली. आप्पा तिथंच होते, दुसऱ्या कुठल्या तरी कामाला आलेले, शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत बसलेले. त्यांनी पेपर खाली केला.

“चाचा, ह्याचे कागद आहेत का तुमच्याकडं?”

मी म्हणालो, “न्हाई.”

एवढंच. हाच तो गुन्हा. इतके दिवस छातीवर धोंडा घेऊन फिरतोय, आणि सांगायला बसलं तर एक शब्दही धड भरत नाही. मला विचार करायला वेळ मिळाला नाही असं म्हणू का? पण मिळाला. भरपूर मिळाला. कारण मोनिरुल रागावला नाही. मी वाट बघत होतो की तो ओरडेल, मला खोटा म्हणेल — म्हणजे मलाही रागावता आलं असतं. तो साहेबांकडं वळून, माझी बाजू सांभाळून घेत म्हणाला, “चाचा भूल गए होंगे, साहब. बहुत सामान रहता है दुकान में.” आणि मग माझ्याकडं बघून, हळू, “चाचा, पीली थैली. ऊपर वाले ख़ाने में.”

साहेबांनी दुसऱ्यांदा विचारलं. म्हणाले, “चाचा, नीट आठवा. घाई नाही. पाहिजे तर गाडी देतो, दुकानात जाऊन बघून या. कागद मिळाले तर मी याला आत्ता सोडतो.”

गाडी देतो म्हणाले. दुकान पाच मिनिटांवर. मी काय करायचं होतं? गाडीत बसायचं, पिशवी काढायची, ‘साहेब, वय झालं, विसरलो’ म्हणायचं. मोनिरुलनं तेसुद्धा माझ्यासाठी तयार करून ठेवलं होतं. सगळे हसले असते आणि चहा आला असता. पण मला त्या वेळी दिसत होतं ते एकच — पोलिसांची गाडी माझ्या दुकानासमोर उभी आहे, माझ्या कपाटातून दुसऱ्याचे कागद निघतायत, आणि आप्पा बघतायत.

मी म्हणालो, “साहेब, मी असल्या भानगडीत पडत न्हाई. कामापुरता माणूस हाय. कागद असते तर दिले नसते का?”

आप्पांनी मान डोलावली. म्हणाले, “चाचांचा शब्द म्हंजी शब्द हाय, साहेब.” साहेबांनी लिहून घेतलं. मी खाली सही केली. माझी सही झोकदार आहे, सगळे म्हणतात. उठताना मी मोनिरुलकडं पाहिलं नाही. म्हणजे तो माझ्याकडं कसा बघत होता, हेही मला सांगता येणार नाही. पुष्कळदा वाटतं, पाहिलं असतं तर बरं झालं असतं. निदान काय विसरायचं ते तरी कळलं असतं.

तो आणखी तीन दिवस ठाण्यात होता. तीन दिवस! दुकानापासून पाच मिनिटांवर. मी रोज दुकान उघडत होतो. त्याच्या मशीनवर अर्धवट शर्ट होता, एक कॉलर बसवलेली, बाह्या बाकी. तो मी पुरा केला आणि दिला. तिसऱ्या दिवशी त्याला आणि आणखी एकाला पुण्याला नेलं. पुढं तिथून विमानानं का रेल्वेनं पार पूर्वेच्या सीमेवर नेलं, आणि पलीकडं घालवलं, असं कानावर आलं. कुणी, कुठल्या हुकमानं, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. विचारलं असतं तर कुणी म्हणालं असतं, चाचा, तुम्हाला काय पडलंय एवढं?

आणि ज्या दिवशी त्याला पुण्याला नेलं, त्या दुपारी मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, पिशवी काढली, आणि कोळशाच्या इस्त्रीत एकेक कागद घालून जाळला. वीज गेली की वापरायला ती इस्त्री मी ठेवलेली आहे. मतदार कार्ड जळेना, त्याचा वास फार सुटला. वडिलांच्या जमिनीचा कागद लगेच गेला. त्या दिवशीचे शाळेचे गणवेश मी त्याच इस्त्रीनं केले.

भीती गेली असेल असं वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

पंधरा दिवसांनी त्याचे वडील आले. रेल्वेनं दौंडला उतरून, एसटीनं शिरूरला, विचारत विचारत दुकानात. वाळका माणूस, पायांत रबरी चपला, हातात खजुराच्या गुळाची ढेप — माझ्यासाठी. हिंदी ते थांबत थांबत, जपून बोलत होते. मुलाचा एकदाच फोन आला होता, पलीकडच्या कुणाच्या तरी मोबाईलवरून. गुरांच्या गोठ्यात झोपतो म्हणाला. ताप आहे म्हणाला. आणि म्हणाला, अब्बा, काग़ज़ चाचा के पास हैं, चाचा को याद नहीं आ रहा, आप जाकर ढूँढने में मदद कीजिए. अस्सल कागद मिळाले तर परत आणता येईल, असं त्यांना तिकडच्या वकिलानं सांगितलं होतं.

म्हणून ते आले होते. मला शोधायला मदत करायला.

मी कपाट उघडलं. उघडावंच लागलं. आम्ही दोघांनी मिळून सगळे खण काढले. ते एकेक गठ्ठा उचलून, झटकून, पुन्हा तशाच घडीनं ठेवत होते — शेतकरी माणूस, पण घडी मोडू दिली नाही. वरच्या खणात अस्तराच्या गठ्ठ्याखाली त्यांनी दोन वेळा हात फिरवला. दोन तास शोधलं. मीही त्यांच्याबरोबर शोधत होतो! जाळलेले कागद शोधणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय? मला घाम फुटला, तर त्यांनी मला खाली बसवलं आणि पाणी दिलं. माझ्याच माठातलं.

निघताना म्हणाले, ठाण्यात एकदा चला, नुसतं सांगा की ओळखता. मी म्हणालो, “मेरी वहाँ नहीं चलती.” माझा शब्द तिथं किती चालला होता ते त्यांना माहीत नव्हतं.

पुढं साहेबांची बदली झाली. जायच्या आधी वर्दी घ्यायला आले होते, तेव्हा बोलता बोलता म्हणाले, “चाचा, त्या पोराचे कागद खरंच तुमच्याकडं असते तर बरं झालं असतं हो. तुम्ही आणून दिले असते, मी सोडून दिलं असतं. विषय संपला असता.” मी विचारलं, “मला काय झालं नसतं का, साहेब?” ते हसले. “तुम्हाला काय होणार? तुम्हाला कोण ओळखत नाही?”

ते वर्दी घेऊन गेले. म्हणजे ज्याला मी भ्यालो, ते नव्हतंच. कुणी मला दाराबाहेर उभं केलेलं नव्हतं. मी माझा मीच तिथं जाऊन उभा राहिलो, आणि आत यायला जागा व्हावी म्हणून दुसऱ्याला ढकललं. आणि समजा, ते खरंच असतं, मला खरंच काही झालं असतं — तर माझं ते ‘न्हाई’ बरोबर ठरलं असतं का? नाही. हे मी स्वतःला दोन्ही बाजूंनी विचारून बघितलंय.

कमिटीवर मी अजून आहे. टीव्हीवर तोच वाद अजून चालतो, कुणाला आत घ्यायचं, कुणाला नाही, तपासायचं कसं. दुकानात कुणी माझं मत विचारलं की मी तोंडात टाचण्या धरतो. टेलरला ते बरं असतं. गुरुजी म्हणतात, चाचा हल्ली बोलत नाहीत.

मोनिरुलचा त्यानंतर फोन आलेला नाही. ना घरी, ना कुणाकडं.

त्याच्या वडिलांचा येतो. शुक्रवारी, नमाज झाल्यावर, मला. आधी माझ्या तब्येतीची चौकशी करतात, मग नातीचं सांगतात, ती आता शाळेत जाते. मग थोडं थांबतात. मला ते थांबणं पाठ झालंय. मग विचारतात, “चाचा, काग़ज़ मिले?”

मागच्या शुक्रवारीही विचारलं. मी म्हणालो, ढूँढ रहा हूँ.

ते म्हणाले, आराम से ढूँढिए, आपकी भी उम्र हो गई है.